दोरी कुठल्या हाताला

पोरांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीनं विचारलं, "आजी, तुझ्या मागचा पडदा नेहमी अर्धाच का उघडा असतो?" मी म्हणाले, "ट्रॅक अडकलाय गं," आणि लगेच तुमच्या परीक्षांचा विषय काढला. ट्रॅक अडकलेला नाही. बसवला त्या दिवशी सरकत होता तितकाच अलगद तो आजही सरकत असेल. मी तुम्हाला खोटं सांगितलं आणि ते मला आठवडाभर टोचत राहिलं. त्यात सोमवारपासून घराला रंग द्यायचा आहे. भिंती घासायच्या तर ट्रॅक उतरवावा लागेल, असं रंगारी सांगून गेले. ट्रॅक उतरला की पडदा जिथं थांबला आहे ती जागा जाईल. तो तिथं का थांबला, हे त्याआधी तुम्हाला माहीत असावं, म्हणून आज लिहायला बसले.

तुम्हाला इंग्रजी वाचायला सोपं जातं, आणि मी उभा जन्म इंग्रजीच शिकवलं. तरी हे मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत मला सगळं फार नीटनेटकं करायची सवय आहे. हे पत्र तसं व्हायला नको. अडेल तिथं आईकडून वाचून घ्या.

आपल्या उस्मानपुऱ्याच्या घराची पुढची खिडकी तुम्हाला आठवत असेल. तिच्यात बसून तुम्ही ड्रायव्हर-कंडक्टर खेळायचात. भिंतीतून रस्त्याकडे बाहेर आलेली, तीन बाजूंची: समोर रुंद तावदान आणि दोन्हीकडे तिरकी, अरुंद तावदानं. आजोबा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. घराचा नकाशा त्यांनीच काढला आणि सबंध घरात स्वतःसाठी म्हणून एवढी एकच गोष्ट ठेवली. मी तेव्हा म्हटलं होतं, "अहो, एवढ्या जागेत एक चांगलं कपाट झालं असतं."

"कपाटातून रस्ता दिसतो का?" ते म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, हे तुम्हाला ठाऊक आहे. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. समजत सगळं होतं, पण बोलायला दोनच शब्द उरले, 'हो' आणि 'राहू दे'. तुम्ही फोनवर बोलायचात तेव्हा ते 'हो, हो' म्हणायचे, ते यामुळे.

पलीकडच्या गल्लीत त्यांचे एक मित्र राहतात. मूळचे लासूर स्टेशनकडचे, एसटीतून निवृत्त झालेले. दोघं रोज सकाळी फिरायला जात. आजोबांचं चालणं थांबल्यावर हे गृहस्थ साडेसहाला आपल्या फाटकासमोर उभे राहायचे, काठी उंच करायचे आणि म्हणायचे, "जयभीम साहेब! निघायचं का?" आजोबांना जयभीम म्हणता येत नव्हतं. ते खिडकीतून डावा हात वर करायचे. "बसा, बसा. तुमची हजेरी लागली," असं म्हणून मित्र पुढं जायचे. आजोबांचा दिवस या हजेरीनंतर सुरू व्हायचा. ती चुकली की ते दूधही धड प्यायचे नाहीत.

आणि ती चुकायची. सकाळी सहाला मी त्यांचं अंग पुसून, कपडे बदलून त्यांना खिडकीतल्या खुर्चीत बसवायचे. खिडकी रस्त्यावरची, म्हणून तेवढ्यापुरती एक जुनी चादर खिळ्यांना अडकवायचे. ती काढायलाही मीच लागायचे. पण आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी मोटर, टाकी, पिंपं यांत मी तासभर मागच्या अंगणात अडकलेली. चादर तशीच राहायची. साहेब झोपलेत असं समजून मित्र न बोलता निघून जायचे. मी हात पुसत येऊन चादर काढायचे तेव्हा रस्ता रिकामा असायचा, आणि आजोबा त्याच्याकडे बघत बसलेले असायचे.

म्हणून ट्रॅक घ्यायचं ठरवलं. आजोबांना पडदा स्वतःचा स्वतः उघडता यावा, एवढाच त्यातला हेतू होता.

मी खिडकीची मापं तीन-तीनदा घेतली आणि गुलमंडीवरच्या दुकानात गेले. दुकानात ट्रॅक बसवणारे एक वयस्कर चाचा होते. अशा खिडकीला तीन तऱ्हा असतात, असं त्यांनी समजावलं. तीन बाजूंना तीन वेगळे रॉड लावता येतात, पण मग पडदे तीन आणि प्रत्येक वेगळा ओढायचा. खिडकीच्या तोंडावरून इकडून तिकडं एकच सरळ रॉड टाकता येतो, पण मग पडदा लागला की खिडकीतली खुर्ची पडद्यापलीकडे, खोलीपासून तुटलेली. तिसरी तऱ्हा म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावर वाकवलेला एकसंध ट्रॅक. त्यात छोटी चाकं असतात. एका टोकाला दोरी. ती खाली ओढली की सगळा पडदा कोपरे वळत एका बाजूला गोळा होतो.

"लेकिन अम्मा, कोना बरोबर होना," चाचा म्हणाले. "इंच भर बी इधर-उधर हुआ तो चक्का वहीच फसता. कागज पे नक्शा बना के लाओ."

मला खरं तर सरळ रॉड आवडला होता. स्वच्छ, एका रेषेत. घरी येऊन मी आजोबांना तिन्ही प्रकार सांगितले, आणि सरळ रॉडबद्दल जरा जास्तच सांगितलं. ते म्हणाले, "राहू दे." मग डाव्या हातानं हवेत लिहिल्यासारखं केलं. मी त्यांच्या मांडीवर पाट ठेवला, त्यावर कागद, आणि डाव्या हातात पेन्सिल दिली.

ज्या हातानं कधी सहीसुद्धा केली नव्हती त्या हातानं त्यांनी नकाशा काढला. अर्धा तास लागला. तीन रेघा, दोन कोपरे. रेघा थरथरलेल्या, पण कोपरे चुकले नव्हते. डावीकडचा कोपरा उजवीकडच्यापेक्षा किंचित जास्त उघडा होता. मला ती चूक वाटली. नंतर चाचांनी मोजलं तर भिंतीतही तसाच फरक निघाला. आणि डाव्या टोकाला खाली लोंबणारी एक बारीक रेघ होती. शेपटीसारखी.

मी शिक्षिका. वाकडी रेघ दिसली की माझा हात स्वस्थ राहत नाही. मी पट्टी घेतली आणि त्यांच्याच कागदावर त्यांच्या रेघा सरळ केल्या. मग खोडरबरानं ती शेपटी पुसली. "हात घसरला वाटतं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "राहू दे."

चार दिवसांनी चाचा ट्रॅक घेऊन आले. ब्रॅकेट ठोकून झाल्यावर शिडीवरूनच त्यांनी विचारलं, "अम्मा, डोरी कौन से हात कू देना?"

"उजव्या," मी ताबडतोब सांगितलं.

आजोबा पलंगावर होते, उजवा हात पांघरुणाखाली. चाचांनी तिकडं पाहिलं. "साब कू पूछ लो ना एक बार."

"त्यांचं सगळं उजव्याच हातानं असतं. मला विचारा, मला माहीत आहे."

आणि ते खरंच होतं. लग्न झाल्यापासून मी त्यांचा पाण्याचा तांब्या, चष्मा, वर्तमानपत्र, सगळं उजव्या हाताला ठेवत आले होते. शिवाय डॉक्टर म्हणाले होते की हाताकडून काम करून घेत राहा, थोडं परत येऊ शकतं. ते 'थोडं' मी मनात 'सगळं' करून टाकलं होतं. दोरी उजवीकडं असली की हात तिच्यासाठी हलेल, असा माझा हिशेब. चाचांनी दोरी उजव्या टोकाला दिली, आणि खुर्ची तिला लागून त्याच टोकाला आली.

हात हलला नाही. जवळजवळ दोन महिने पडदा मीच उघडत होते. पाण्याच्या दिवशी पुन्हा हजेरी चुकायची. एकदा तशीच चुकल्यावर मी चिडून म्हणाले, "अहो, दोरी अगदी हाताशी दिलीय. तुम्ही प्रयत्नच करत नाही!" वर्गातल्या मुलाला बोलावं तसं बोलले. ते दोरीकडं बघत राहिले. या वेळी 'राहू दे'सुद्धा म्हणाले नाहीत.

मार्चमधल्या एका पाण्याच्या दिवशी मी मागं टाकीजवळ होते. पुढच्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज आला. धावत गेले. आजोबा खुर्चीच्या उजव्या बाजूनं खाली पडले होते. पडदा अर्धा उघडला होता. डावा हात अंगावरून पलीकडे नेऊन त्यांनी ती दोरी धरली होती. पकड सुटली नव्हती. मला ती एकेक बोट उघडून सोडवावी लागली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात अठरा दिवस काढले. मग छातीत कफ झाला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तेव्हा येऊ शकला नाहीत, त्याचं मनाला लावून घेऊ नका. मी शेजारी असूनही मला काय दिसलं?

आजोबांच्या जलदानविधीच्या दिवशी ते मित्र आले होते. सगळे गेल्यावर मला म्हणाले, "बाई, त्या दिवशी साहेबांनी हात केला व्हता बरं का."

"कुठल्या दिवशी?"

"पडले त्या दिवशी. पडदा लागलेला दिसला, म्हणलं झोपलेत. मी निघालोच व्हतो. तेवढ्यात पडदा हलला. अर्धा उघडला, न् साहेब दिसले. दोरी सोडून डावा हात असा वर केला. लई हसत व्हते. मी म्हणलं, लागली हजेरी! अन् गेलो मी." त्यांनी डोळे पुसले. "मला काय माहीत, पुन्हा दोरी धरून उरलेला पडदा उघडाया जातील. थांबलो असतो दोन मिनिटं, तर..."

"नाही हो," मी म्हणाले. "तुमचं काही चुकलं नाही."

त्यांना मी खरं काय ते सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आजोबा पडले त्या दिवसापासून मी पडद्याला हात लावला नाही. मोलकरणीलाही लावू देत नाही. "बाई, तेवढी धूळ तरी झटकू द्या," ती म्हणते. मी नाही म्हणते.

घरातल्या सगळ्या कामांच्या फायली मी ठेवते, ते तुम्ही पाहिलंच आहे. रंगकामासाठी खिडकीची मापं हवी होती म्हणून परवा 'पडदे' लिहिलेली फाईल काढली. त्यात तो कागद निघाला. माझ्या सरळ रेघा त्यावर ठळक आहेत. डाव्या टोकाला खोडरबरानं कागद थोडा पिंजला आहे. खिडकीशी नेऊन तिरका धरला तर तिथं पेन्सिलीचा दाब दिसतो. शेपटी नव्हतीच ती. नीट, सावकाश, दोनदा गिरवलेली रेघ आहे, आणि तिच्या टोकाशी छोटी गाठ. दोरीला ओढायला गाठ असते तशी. आपला उजवा हात परत येणार नाही हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी ते मला सांगितलं होतं. 'हात घसरला वाटतं,' असं मी वर लिहिलं आहे. ते मी तेव्हा मोठ्यानं म्हणाले होते, एवढं खरं. वाटलं होतं का, हे मी आज शपथेवर सांगू शकत नाही. पुसताना माझा हात भराभर चालला होता, तेवढं आठवतं.

इथवर परवा लिहिलं होतं. काल सकाळी तेच चाचा ट्रॅक उतरवायला आले. पडदा हुकांवरून काढताना जिथं थांबला होता तिथली घडी उन्हानं फिकी पडलेली दिसली, उभी, एका ओळीत. चाचांनी ट्रॅक फडक्यानं पुसला, चाकं फिरवून पाहिली. "एकदम ठीक है अम्मा. रंग के बाद यहीच लगा दूँगा." मग शिडी मिटत विचारलं, "डोरी? जैसी थी वैसी?"

"नाही. डाव्या हाताला द्या."

"आप तो सीधे हात के हो ना?"

"हो. तरी डाव्याच."

खिशातून पेन्सिल काढून त्यांनी ट्रॅकच्या डाव्या टोकाला एक खूण केली.

आज खिडकी उघडीच होती. साडेसहाला मित्र आले, काठी उंच केली. मी आजोबांच्या खुर्चीच्या मागं उभी होते. डावा हात वर केला. त्यांनी काठी खाली घेतली, "जयभीम बाई" म्हणाले आणि पुढं गेले.

तो कागद मी फाईलमध्ये परत ठेवलेला नाही. माझ्या टेबलावरच्या काचेखाली आहे. रेघ पुसली गेली आहे. दाब अजून आहे.