दस्तीखालचा धनगर

माझ्या साडूनं मला फसवलं. झरीकडचा एक म्हातारा धनगर माझा होता, आणि साडूनं तो भर बाजारात, माझ्या डोळ्यांदेखत काढून नेला. जनावर नेलं असतं तर चार शिव्या देऊन मी विसरलो असतो. त्यानं माणूस नेला.

निजामाचं राज्य होतं, रझाकारांची धामधूम अजून सुरू व्हायची होती. मी मानवतच्या गुरांच्या बाजारात दलाल होतो. माझा बाप दुसऱ्यांची ढोरं राखता राखता मेला. मी भाकरीवर लोकांचे बैल धरून बाजारात उभा राहायचो, आणि उभ्या उभ्या दात, खूर, डोळे, चाल सगळं शिकलो. मला कुणी शिकवलं नाही आणि कुणी पुढंही केलं नाही. म्हणून जे माझं आहे ते माझं आहे, हे मी जरा मोठ्यानं बोलतो.

आमच्याकडं सौदा तोंडानं होत नसे. दलाल खांद्यावरची दस्ती, म्हणजे रुमाल, समोरच्याच्या हातावर टाकी, आणि त्या कापडाखाली बोटं दाबून भाव ठरे. आजूबाजूच्यांना काही कळत नसे. याचे दोन कायदे होते. ज्याचा हात एका दलालाच्या दस्तीखाली आहे, त्याच्याशी दुसऱ्यानं बोलायचं नाही. आणि जो पहिलं बोट दाबतो, तो नुकसानीत जातो. म्हणून मुरलेली माणसं हात हातात घेऊन कितीतरी वेळ गप्प बसत.

आम्ही दोघं साडू ख्रिस्ती. वस्तीत मातीच्या भिंतींचं प्रार्थनाघर होतं आणि पाद्री अधूनमधून परभणीहून येत. ते फिरून फिरून एकच सांगत: तुमच्या जिवाला कशाचा भरवसा आहे असं कुणी विचारलं, तर ते सांगायला कधीही तयार असा, रानात, विहिरीवर, बाजारात. बाकीचे माना डोलवत आणि घरी जात. मी ते धंद्यासारखं मनावर घेतलं. बाजारच्या दिवशी उजाडायच्या आत अंघोळ करून बाजारातल्या लिंबाखाली डोळे मिटून उभा राहायचो. आज प्रभू कुणाला माझ्यापुढं आणील, त्याला काय सांगायचं, याची मनात जुळणी करायचो. कुणबी आला तर येशूनं सांगितलेली पेरणाऱ्याची गोष्ट. व्यापारी आला तर मोत्याची. धनगर आला तर हरवलेल्या मेंढराची. कोण काय शंका काढील आणि तिला काय जबाब द्यायचा, तेही ठरलेलं असे.

साडू दोर वळायचा. बाजाराच्या तोंडाशी त्याचं दावी-कासऱ्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक फाटकं पोतं. तयारी म्हणाल तर शून्य. प्रार्थनेत त्याला डुलकी लागायची. गोष्ट सांगायला लागला की कोण कुणाचा बाप हे विसरायचा आणि मग ऐकणाऱ्यालाच विचारायचा. तरी त्याच्या पोत्यावर कायम कुणी ना कुणी बसलेलं. माझ्याकडचा सौदा झाला की लोक धोतर झटकून उठत. त्याच्याकडं दावं घ्यायला गेलेला माणूस दुपारपर्यंत तिथंच. लांबून त्यांचं हसणं ऐकू आलं की माझा भाव चुकायचा.

धनगर मामांवर माझी नजर बसली ती ते माझ्याइतकेच चिवट होते म्हणून. मेंढरं घेऊन येत, माझ्याशिवाय कुणाच्या दस्तीखाली हात देत नसत. त्यांचा धाकटा मुलगा भांडून हैदराबादच्या वाटेला गेला होता आणि त्याची काही खबर नव्हती. हे मला ठाऊक होतं. मामांनी कधी सांगितलं नव्हतं.

एका सकाळी ते लवकर आले आणि मला लिंबाखाली डोळे मिटलेला बघून थांबले.

"कुणाशी बोलायलाय?" त्यांनी विचारलं.

गोष्ट जिभेवर होती. पण मी तीस वर्षांचा बाजार पाहिलेला माणूस. मागितल्याबरोबर माल दाखवला की त्याची किंमत उतरते.

"सांगीन मामा, निवांत," मी म्हणालो.

"बरं," म्हणाले आणि मेंढरं मोजायला गेले.

त्या रविवारी मी प्रार्थनाघरात सगळ्यांसमोर बजावलं, "झरीचा धनगर माझ्या दस्तीखाली हाय. दुसऱ्या कुणी त्याच्याशी देवाचं बोलायचं न्हाई." साडूनंही मान हलवली. मला आठवतंय, हलवली. डुलकीची नव्हती ती.

मग मी वाट बघत राहिलो. मामा येत, सौदा होई, जात. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मीही बोललो नाही. रोज पहाटे मात्र ती मेंढराची गोष्ट घासूनपुसून ठेवत होतो. धनगर माणूस एक शंका नक्की काढणार हे मी ओळखलं होतं: एका मेंढरासाठी तो राखणदार रानात गेला, तर बाकीचा कळप कुणाच्या हवाली केला? माझा जबाब तयार होता. दुसऱ्या राखणदारांच्या हवाली.

असाच एक बाजार. मेंढ्यांचा सौदा झाला, घेणारा घेऊन गेला, आणि मामांनी हात काढला नाही. दस्तीखाली त्यांचा हात माझ्या हातात तसाच. गरम होता, ताप असल्यासारखा. चेहरा रस्त्याकडं, हैदराबादच्या बाजूला. मी ओळखलं, आता विचारतील. मीही बोट हलवलं नाही, त्यांनीही नाही. पहिल्यांदा त्यांनी बोलावं म्हणून मी थांबलो, आणि आता वाटतं, तेही त्याच हिशेबानं थांबले असावेत. शेवटी त्यांना बाजार मीच शिकवला होता.

एवढ्यात पलीकडून दुसरा एक दलाल ओरडला, "ह्या येसूच्या भगतानं एका डोळ्यानं आंधळा बैल गळ्यात मारला हो माझ्या गिऱ्हाइकाच्या!"

साफ खोटं. बैलाचा डोळा घेताना ठणठणीत होता. मी ताडकन उठलो. त्याची गचांडी धरली. जमादार आला. जमादारापुढं दख्खनी उर्दूत भांडावं लागे आणि माझी दख्खनी चांगली होती, त्यामुळं भांडण लांबलं. मी जिंकलो. जिंकून परत आलो तर जागा मोकळी. मामा साडूच्या पोत्यावर बसले होते आणि साडूची भाकरी खात होते.

मी जवळ गेलो, आणि जे ऐकलं त्यानं अंगाची लाही झाली. साडू माझी गोष्ट सांगत होता. माझी! आणि तीही वाकडी.

"तर मामा, त्याची एक बकरी हरवली..."

"बकरी का मेंढरू?" मामांनी विचारलं.

"मेंढरूच असंल. बकरी स्वतःच्या पायानं परत येती."

मामा हसले. त्यांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी तीच शंका काढली, जिची मी इतक्या पहाटा वाट पाहिली होती. "मग बाकीचा कळप कुणापाशी ठिवला त्यानं?"

साडूनं दोराचा पीळ सोडला. "मला न्हाई ठावं, मामा. तुमी धनगर. तुमी काय केलं असतं?"

"दुसऱ्या राखणदारांपाशी ठेवला!" मी मागून ओरडलो. "दुसरे राखणदार होते तिथं!"

कुणी मागं वळलं नाही. मामांच्या हातातला घास हातातच राहिला. "गेलो असतो," ते म्हणाले. "कळप तसाच टाकून गेलो असतो. पोराच्या मागं मात्र गेलो न्हाई मी." आणि पांढऱ्या मिशांवरून पाणी गळायला लागलं. साडू शेजारी बसून राहिला, बावळटासारखा, त्यांच्या पाठीवर हात ठेवून.

पुढच्या रविवारपासून मेंढरं जवळ असली की मामा प्रार्थनाघरात येऊ लागले. दाराशी, साडूच्या शेजारी बसत.

मी साडूला घरी बोलावून विचारलं, "तो माझ्या दस्तीखाली होता का नव्हता?"

"व्हता, भाऊ. पर तुमी भांडायला उठलात तवा दस्ती मातीत पडली व्हती. मी झटकून तुमच्या खुंट्याला बांधली."

"तुला उचलायला कुणी सांगितलं?"

"बरं, फुडच्या वेळी पडू देतो," म्हणाला आणि माझ्याच बायकोकडं चहा मागितला.

बायकोनं चहा ठेवला आणि चुलीकडंच तोंड करून म्हणाली, "त्यायनं तुम्हाला लिंबाखाली विचारलं व्हतं ना? मग का न्हाई सांगितलं?"

"पहिल्यांदा बोलणारा हरतो."

"कुणापुढं?"

मी पेला आपटला. तिला बाजारातलं काय कळतं?

मग पाद्री आले तेव्हा त्यांच्याकडं न्याय मागितला. ते हसले. म्हणाले, "एक माणूस आत आला, त्याच्या आनंदात तुमचाही वाटा आहे." मी म्हणालो, वाटा नको. सौदा ज्यानं बसवला तो त्याचा असतो, दारावरून जाणाऱ्याचा नसतो. पाद्रींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. साडूनं मामांच्या पाठीवर ठेवला होता तसाच. मला तो आवडला नाही.

मामा पुढं वारले. त्यांचा मुलगा आला की नाही, मला कळलं नाही. साडूला कळलं असेल, त्याला सगळे सांगतात. साडू अजून दोर वळतो, अजून गोष्टी चुकवतो आणि त्याच्या पोत्यावर अजून जागा नसते. त्याच्याकडून जबाब घेऊन झाला. पाद्रींचाही ऐकला. बायकोचा तर रोज ऐकतो. एकाचाही मला पटलेला नाही.

मी अजून पहाटे अंघोळ करून लिंबाखाली उभा राहतो. मेंढराची गोष्ट तोंडपाठ आहे, शंका आणि जबाब सगळं तयार आहे, आणि मामांच्या त्या सकाळनंतर मला कुणी विचारलेलं नाही. तेव्हा, प्रभू, हे आता थेट तुलाच विचारतो. तयार मी होतो. साडू नव्हता. मामांचा हात माझ्या हातात होता, तुला दिसत होता, कापडाखालचंसुद्धा तुला दिसतं. मग त्यांना उठवून त्या पोत्यावर का बसवलंस? कुणी विचारलं तर सांगायला तयार असा, असा हुकूम तू मला केलास. मी विचारतोय. सांग.