न्हाणी वेगळी, संडास वेगळा

डहाणूत भाड्याचं घर शोधायला लागल्यापासून हर्षदाला जाहिरातींची भाषा चांगलीच कळायला लागली होती. ‘अटॅच’ म्हणजे झोपायच्या खोलीतूनच दार. ‘कॉमन’ म्हणजे पॅसेजमधलं, आल्यागेल्यानेही वापरायचं. ‘कम्बाइन’ म्हणजे अंघोळ आणि संडास एकाच खोलीत. ‘वेस्टर्न’ म्हणजे कमोड. तिला अटॅच आणि वेस्टर्न हवं होतं, सासूबाईंसाठी, बायजींसाठी.

बायजी तलासरीच्या पलीकडे डोंगराकडच्या गावात एकट्या राहत. परसातल्या शेवाळावरून त्यांचा पाय घसरला, गुडघा दुखावला आणि डॉक्टरांनी उकिडवं बसायला बंदी केली. उमेश, त्यांचा मास्तर मुलगा, म्हणाला, “आई आता आपल्याकडेच.” बायजी म्हणाल्या, “आधी घर बघू दे.”

एजंट प्रविणने पहिला फ्लॅट हौसेने दाखवला. “बघा मावशी, पलंगावरून उतरलं की बाथरूम. रात्री धडपडायला नको.”

बायजी दारातच उभ्या राहिल्या. आत कमोड, त्याला खेटूनच नळ आणि शॉवर. “छान आहे हो,” त्या म्हणाल्या.

जिना उतरताना मात्र त्यांनी हर्षदाचा हात धरला. “मी येऊन-जाऊन राहीन गं. कायमची नको म्हणू.”

“आता काय खोट निघाली?” उमेश वैतागला.

“खोट घरात नाही रे.”

त्या रात्री भांडी घासताना हर्षदाला गावची सकाळ आठवली. बायजी न्हाणीतून निघायच्या त्या ओलेत्याने थेट तुळशीपाशी. पाणी घालून होईपर्यंत कोणाशी बोलणं नाही. संडास पार बांधाकडे, आणि तिकडे जाऊन आलं की पुन्हा अंघोळ. त्या बाईला आपण कमोडशेजारी अंघोळ करून देवापुढे जायला सांगत होतो, आणि वर त्यांचा मान ठेवतोय असं समजत होतो.

सकाळी तिने प्रविणला फोन लावला. “न्हाणी आणि संडास सेपरेट असलेलं आहे का काही?”

“सेपरेट आता कोण मागतं, वहिनी? जुन्या बिल्डिंगीत असतं. ते तर आम्ही जाहिरातीत लिहीतही नाही.”

“तेच दाखवा.”

मसोलीकडच्या त्या जुन्या घराच्या पॅसेजमध्ये दोन दारं होती, मध्ये पक्की भिंत. संडास इंडियन होता. मालक कमोड बसवून देईल, असं प्रविण म्हणाला. उमेशने बायकोकडे पाहिलं. एका खोलीत संसार करताना रोज सामायिक बाथरूमच्या दाराबाहेर ताटकळलेल्या हर्षदालाही स्वतःचं अटॅच बाथरूम किती वर्षं हवं होतं, ते त्याला माहीत होतं.

“आणि तुझं अटॅच?”

“राहू दे आता.”

बायजींनी वॉचमनकडून स्टूल मागवलं, न्हाणीत ठेवलं आणि दार लावून घेतलं. बाहेर तिघं उभी.

“मावशी आत काय करतायत?” प्रविण कुजबुजला.

“बसून बघतायत,” हर्षदा म्हणाली.

नळ सुटल्याचा आवाज आला, मग बंद झाला. दार उघडून त्यांनी हर्षदाच्या दंडाचा आधार घेतला. न्हाणीतून निघालं की समोर उजेडाची गॅलरी होती आणि संडासाचं दार पाठीमागे राहत होतं. त्या तिथवर चालत गेल्या, कपडे वाळत घालायची दोरी हाताने ताणून पाहिली.

“लांब दोरी बांधायला सांग उमेशला. माझं नऊवारी या एवढ्याशा दोरीवर वाळायचं नाही.”

हर्षदाने मान हलवली.

“तुला ते खोलीतलं हवं होतं ना गं?”

“हवं होतं. पण हे घर चांगलं आहे, आई.”

“मग सकाळची पहिली अंघोळ तुझी. मी थांबीन.”

“तुम्ही कोंबडा आरवायच्या आधी उठता.”

“तर तू माझ्या आधी ऊठ,” बायजी म्हणाल्या, आणि सुनेचा दंड तसाच धरून त्या स्वयंपाकघर बघायला निघाल्या.