अप्पांची चप्पल नंबराला

बीडला विजेच्या ऑफिसात साहेब येण्याआधीच दारात चपलांची रांग लागायची. ही रीत आमच्या विरुपाक्षअप्पांची. खताच्या दुकानापुढे आपण नंबराला चप्पल ठेवतो, तशी त्यांनी पहिल्याच फेरीत तिथे ठेवली आणि अनवाणी लिंबाखाली जाऊन बसले. पाहता पाहता त्यांच्या मागे इतरांचे बूटही लागले.

वडवणीत अप्पांचं किराणा दुकान आणि त्याला लागून माझं, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं. गावाबाहेरच्या मुरमाड माळावर अप्पांनी सौर प्रकल्प उभारला, तो रागाने. शेतीला वीज रात्रीची, आणि रात्री पाणी द्यायला गेलेला त्यांचा धाकटा भाऊ साप चावून गेला होता. "गावाला दिसा लाईट मिळंल, तवाच म्या गप बसंन," ते म्हणत. प्लेटा बसल्या, खांब उभे राहिले, जोडणी मात्र मिळेना. साहेबांचं उत्तर ठरलेलं. उपकेंद्रात आणखी वीज घ्यायला जागा नाही. नवा ट्रान्सफॉर्मर आला की नंबराने घेऊ, तुमच्या आधी बरेच आहेत.

तरी अप्पा रोज सकाळी माळावर जाऊन प्लेटा पुसत. मी चिडवायचो, "अप्पा, उन्हाचं लोणचं घालताय का?"

"लगीन ठरंना म्हणून पोरानं तोंड धुवायचं न्हाई का बे?" फडकं पिळत ते म्हणायचे. इतका धीर बघून मलाच चीड यायची.

एकदा एक पुढारी दुकानात आले. "अप्पा, एक फोन लावतो. तुमचं काम सगळ्यांच्या आधी." मी हरखलो. अप्पांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "माझ्या म्होरं आष्टीकडचा एक माणूस हाय. त्याच्या गावातबी रातचंच पाणी देत्यात. त्याची चप्पल सरकवून म्या आत जाऊ व्हय?"

पुढारी गेल्यावर मी भांडलोच. "गावानं अजून किती रात्री काढायच्या?"

"म्या रांग सोडली का? न्हाई ना? मग कावून बोंबलतो?"

यंदाच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. दुकानात बसल्या बसल्याच. मी लहान मुलासारखा रडलो. ट्रान्सफॉर्मर अजून आलेला नव्हता.

दिवसकार्य झाल्यावर त्यांची सून महानंदा सकाळी प्लेटा पुसून आली आणि पिशवी घेऊन बीडच्या एसटीत बसली. मी सोबत होतो. ऑफिसच्या दारात तिने पिशवीतून अप्पांची झिजलेली चप्पल काढली आणि रांगेच्या शेवटी ठेवली.

शिपायाने चप्पल ओळखली. त्याने ती उचलली आणि सगळ्यांच्या पुढे नेऊन ठेवली. रांगेतल्या लोकांनीही माना डोलावल्या. मलाही वाटलं, एवढं तर अप्पांना मिळायलाच हवं.

महानंदा पुढे गेली आणि तिने चप्पल परत शेवटी आणून ठेवली.

"मामांना न्हाई चालायचं, भाऊ," ती शिपायाला म्हणाली. "आमी नंबरानंच आत येऊ."

आणि लिंबाखाली अप्पांच्या जागेवर जाऊन बसली.