फडकेवाले मामा

फडकेवाले मामा चहाचा कप हातात घेण्याआधी पुसायचे, बसण्याआधी खुर्ची पुसायचे आणि बोलता बोलता समोरच्याचं टेबलही पुसून टाकायचे. परतूरजवळच्या वीज उपकेंद्रात ते जुने ऑपरेटर होते, मी प्रोबेशनवरचा इंजिनिअर. "घरीही एवढं पुसता का?" असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "घरी तुमच्या मामी शटडाऊन देत न्हाईत."

शेजारीच कापसाचं जिनिंग होतं. हंगाम लागला की बारीक रुई आणि रस्त्याची धूळ उडून यार्डातल्या चिनीमातीच्या इन्सुलेटरांवर बसायची. मामांनी तरुणपणी घाटमाथ्यावर नोकरी केलेली. "तिकडं उंचावर हवा पातळ, साहेब. वीज जल्दी उडी मारती, म्हणून अंतर जादा सोडतेत. इथं हवा बराबर हाय, पण मळ लई. कोरडा हाय तवर गरीब. दव पडलं की त्याच मळातून करंट चालतो." शटडाऊन घेऊन, म्हणजे वीज बंद करून, अर्थिंग लावून ते एकेक इन्सुलेटर पुसत आणि काळं झालेलं फडकं मला दाखवत.

त्या वर्षी दिवाळीनंतर ते म्हणाले, "दोन तासांचा शटडाऊन द्या साहेब, थंडी पडून राह्यली." मी वर फोनवरच विचारलं. जिनिंग जोरात, रब्बीचं पाणी चालू. वरून नकार आला. मामांनी पुन्हा विचारलं, मी पुढच्या आठवड्यावर ढकललं. तिसऱ्या वेळी त्यांनी खिडकीच्या कठड्यावरची रुई मुठीत आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि निघून गेले. मी ती फुंकर मारून उडवली.

चार दिवसांनी सकाळी असं धुकं पडलं की फाटक दिसेना. मी पोचलो तेव्हा यार्डातून तळणीसारखा चुरचुर आवाज येत होता. ब्रेकर बंद करायला मामा कंट्रोल रूममध्ये धावले. त्यांचा हात पोचण्याआधीच धडाका झाला आणि फुटलेल्या इन्सुलेटरचा तुकडा खिडकीतून आत आला. मामांचा उजवा डोळा गेला.

चौकशीला ते पट्टी बांधूनच आले. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "सफाईसाठी शटडाऊन मागितला होता?"

"न्हाई साहेब. माझ्या बिलकुल ध्यानातून गेलं."

मी शेजारच्याच खुर्चीत होतो. माझी नोकरी वाचली, मी गप्प बसलो. सहा महिन्यांनी मामा ठपका घेऊन निवृत्त झाले.

आता इतक्या बदल्या झाल्यात की उपकेंद्रांची नावंही घोळतात. हिवाळ्याआधी मात्र वरून कितीही फोन येवोत, मी शटडाऊन देतो. भांडून भांडून दमलोय. हा आडमुठेपणा कुठून आला, ते कुणाला सांगत नाही.

मागच्या वर्षी धीर करून त्यांच्या घरी गेलो. "तेव्हा खोटं का बोललात मामा?"

"तुमची सुरुवात होती साहेब. माझं झाल्तं सगळं." त्यांनी कप पुसून मला चहा दिला. मग चष्मा काढला आणि जुन्या सवयीनं दोन्ही काचा पुसत बसले. मला माफी मागायची होती. चहा पिऊन मी तसाच निघालो.