पदकावरचं कुंकू

माझ्या सासऱ्यांना जागतिक प्रदर्शनांच्या वस्तू जमवायचं वेड होतं. पॅरिस, ब्रसेल्स, ओसाका. स्वतः मात्र जबलपूरहून निघून नागपूरच्या पलीकडे कधी गेले नाहीत. तिकिटं, बिल्ले, चमचे, चित्रांची कार्डं, सगळं आमच्या चेरीतालच्या घरात एका लोखंडी कपाटात कोंबलेलं. प्रदर्शनासाठी अख्खं शहर उभारतात आणि सहा महिन्यांनी पाडून टाकतात, हे ते इतकं हळहळून सांगायचे, की तिथं आपलंच कुणी राहत होतं असं वाटावं. मला त्या कपाटाचा रागच यायचा. घरात पापडाचा डबा ठेवायला जागा नाही आणि इथं ब्रसेल्सचे चमचे!

त्यांच्या नजरेला मात्र मान होता. गोहलपूरचे भंगारवाले त्यांना बोलावून विचारायचे, बाबूजी, असली है क्या? बाबा भिंग लावायचे आणि मिनिटभरात नकली माल परत करायचे.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा. बाबा कारखान्यात फिटर होते, म्हणून पाटावर पाने, पकडी, हातोडी मांडायचे आणि शेजारी त्या कपाटातलं, कुठल्याशा प्रदर्शनाचं एक जुनं कांस्याचं पदक. त्यावर एका बाईचा चेहरा. सासूबाई दरवर्षी त्या बाईच्याही कपाळाला कुंकू लावायच्या, असं ऐकलं होतं. मी त्यांना पाहिलंच नाही, माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी त्या गेल्या. पदक पुसायचं नाही, एवढंच बाबांनी मला बजावलं होतं. काहून, ते सांगितलं नव्हतं.

लग्नानंतरची माझी पहिलीच खंडेनवमी. चिंच आणि राख घेऊन मी देवाची भांडी घासायला बसले. पदक काळंकुट्ट, वर कसलासा लालसर थर. देवापुढे असं मळकं ठेवायचं? मला राहवलं नाही. घासघास घासलं. बाईचं तोंड लख्ख निघालं आणि मी मेली खूशही झाले.

बाबा आंघोळ करून आले, पाटासमोर बसले, पदक उचललं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तिचं बोट होतं त्याच्यावर," एवढंच म्हणाले.

सासूबाईंनी लावलेलं शेवटचं कुंकू होतं ते. धरणीनं पोटात घ्यावं, असं झालं मला.

त्यानंतर महिनाभर ते रोज सकाळी खिडकीशी बसून भिंगातून ते कोरं कपाळ न्याहाळत राहिले. जेवण निम्म्यावर आलं. आणि मला घरात कुणीतरी उभं असल्याचं जाणवायला लागलं. ओट्याकडे तोंड केलं की मानेवर नजर. वळून बघावं तर कुणी नाही. सासूबाईच त्या, मला खात्री होती. भीती वाटायची, पण भीतीपेक्षा लाज जास्त. शेवटी एका दुपारी, बाबा झोपलेले असताना, मी तुपात कुंकू कालवलं आणि अनामिका त्या कपाळावर टेकवली.

दुसऱ्या सकाळी बाबांनी भिंग लावलं. मी दाराआड उभी. फार वेळ बघितलं त्यांनी. मग मान वर न करताच म्हणाले, "नकली आहे, बेटा. पण राहू दे."

त्या दिवशी ते पोटभर जेवले. ठशाचा विषय आम्ही दोघांनी पुन्हा कधी काढला नाही.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. पदक आता मी मांडते, पुसत नाही. माझ्या मुलीला मराठी समजतं, पण बोलते हिंदीत. तिला लहानपणापासून बाबांनीच सांगून ठेवलेलं, हे तुझ्या आजीचं बोट. यंदा पूजेला तिनं पदक हातात घेतलं, माझा हात ओढून माझी अनामिका त्या ठशाशी धरली.

"मम्मी, आजी की उँगली तो बिल्कुल आपके जैसी थी."

मी हो म्हणाले. मानेवर ती नजर होतीच. मी वळून पाहिलं नाही.