शेवटचे अडीचशे मीटर

मारेकचं सगळं आयुष्य एका गुडघ्यावर गेलं म्हणा ना. पोलंडमधल्या तळ्याकाठच्या गावात अकराव्या वर्षी तो अरुंद होडीत एक गुडघा टेकून बसला, एकाच बाजूनं वल्हं मारू लागला, आणि पुढची चोवीस वर्षं तेच. देशाकडून खेळला, दोन कांस्यपदकं आणली, ऑलिंपिक मात्र दोनदा थोडक्यात हुकलं. २०१४ साली सिंगापूरला पोरांना शिकवायला आला, तरी खाज जाईना. मॅक्रिची तलावावरची हजार मीटरची शर्यत शेवटची, असं म्हणत सरावाला लागला.

मधुवंती पुण्याची, इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरची संशोधक. खेळाडूंच्या हृदयाचे ठोके मोजायचं तिचं काम. दर शनिवारी सरावाआधी ती मारेकच्या छातीला पट्टा बांधायची. "तू थांब म्हणालीस की थांबेन," त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. एवढा विश्वास टाकावा का हो कुणी कुणावर?

साडेसातशे मीटरला ठोके एकदम दोनशे चाळीसवर उडायचे. घामानं पट्टा सरकला असणार, असं म्हणत मधुवंतीनं ते आकडे पुसले आणि आलेख गुळगुळीत केला. एकदा नाही, तीन शनिवार. लॅबमध्ये सगळेच करतात, तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. आलेख बघून मारेक खूश.

"इथे काठावर माझं कुणी नसतं," तो एकदा म्हणाला. "गावी आई साडेसातशेच्या पाटीपाशी उभी राहून दोन्ही हात हलवायची. ते दिसले की मी जीव तोडून वल्हवायचो."

चौथ्या शनिवारी तिनं नवाकोरा पट्टा बांधला. दुसऱ्या दिवशी, शर्यतीच्या सकाळी, बिशान भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये चहा घेत तिनं फाइल उघडली. तोच आकडा, त्याच जागी. नवा पट्टा नेमका तिथेच कसा सरकेल? तिनं आधीच्या तिन्ही शनिवारच्या मूळ फाइली काढल्या, तर दर आठवड्याला ती उडी लांबतच गेलेली.

मारेकचा फोन लागेना. टॅक्सी करून ती तलावावर, शर्यतीच्या निम्म्या अंतरापाशी पोचली तेव्हा होड्या नुकत्याच सुटल्या होत्या. "मारेकला थांबवा, त्याचं हृदय ठीक नाही," तिनं स्वयंसेवकाला सांगितलं. तो वॉकीटॉकी चाचपू लागला. तेवढा धीर तिला कुठला? ती काठानं धावत सुटली, होडीच्या पुढे गेली आणि दोन्ही हात वर करून हलवू लागली.

"मारेक, थांब! थांब!"

मारेकनं मान वळवली. पाण्याच्या खळखळाटात शब्द कुठले पोचायला. त्याला फक्त हात दिसले. तो पोरासारखा हसला आणि जीव तोडून वल्हवू लागला.

मधुवंतीनं बाजूला पाहिलं. ती साडेसातशेच्या पाटीपाशीच उभी होती.