आत्याच्या गोगलगायी वर कावून चढल्या

विजयमाला आत्या दिंद्रुडहून माहेरी परत आली ती काळीपिवळी जीपमधून, मांडीवर काचेची टाकी धरून. टाकीत बोटभर पाणी, पाण्यात घाबरलेले मासे आणि तळाशी सोनेरी गोगलगायी. आमची आजी छबुबाई उंबऱ्यावरच बसली होती. आजीला माणसाशी बोलायचं असतं तेव्हा ती देवाशी बोलते, म्हणजे उलट उत्तर येत नाही. ती आभाळाकडं बघून म्हणाली, "बग रे नगदनारायणा. लोकाच्या लेकी माहेराला येताना काखेत लेकरू आणत्यात. आमची किडे घिऊन आली."

"आई, गोगलगायी हायत त्या."

"बग रे नगदनारायणा, आल्या आल्या शिकवायली."

सुंदरराव म्हणजे आत्याचा नवरा. दिंद्रुडला त्याचं खतबियाण्याचं दुकान आहे. त्यानं आत्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की तिला डाव्या बाजूनं ऐकू येईनासं झालं. मारण्याची ती पहिली खेप नव्हती. आमच्या घरात या प्रकाराला 'विजूचं कानाचं दुखणं' म्हणतात. दुखणं म्हटलं की कुणी दिलं हे विचारावं लागत नाही.

आजोबा, म्हणजे आश्रुबा, प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतात. पहिल्यांदा लोकांसाठी आणि दुसऱ्यांदा स्वतःची खात्री पटावी म्हणून. त्यांनी आत्याला सांगितलं, "दसऱ्यापस्तोर ऱ्हा, ऱ्हा. मंग दोन्हीकडची बैठक बसवू, बसवू."

"बैठकीत काय ठरवायचं, आबा? मी जाणार न्हाई. मला मागच्या खोलीत मशीन टाकू द्या. गेवराईत ब्लाउज शिवणारीला काम कमी न्हाई."

"बघू," आजोबा म्हणाले. "बघू."

मग आत्यानं दसऱ्यापर्यंत टाकीच सांभाळली. पुढच्या खोलीत टीव्हीशेजारी लोखंडी स्टँडवर ती बसवली, खाली खडी पसरली, हवेचा पंप लावला. दिंद्रुडच्या घरात दिवसभर तिच्याशी कुणी बोलत नसे, तेव्हा ती या गोगलगायी बघत बसायची, म्हणून तिला त्यांचं सगळं पाठ होतं. कुठली शेवाळ खाते, कुठली आळशी आहे, कुठली श्वास घ्यायला नळी पाण्याबाहेर काढते आणि पुन्हा गपकन खाली जाते. "बाहेर येत नसत्यात ह्या," ती सांगायची. "नाक काढत्यात आन् जात्यात घरात."

आणि एके दिवशी सकाळी आजोबांच्या चपलेत गोगलगाय निघाली.

"चपलेत काय हाय, काय हाय?" म्हणत आजोबा एका पायावर उभे राहिले. आत्या धावली. टाकीत बघते तर पाण्यात एकही गोगलगाय नाही. सगळ्या काचेच्या वरच्या कडेला चिकटलेल्या, तोंड बाहेरच्या बाजूला. एक भिंतीवरून घड्याळाकडं निघाली होती. तिला वेळ बघायची असावी.

आत्यानं सगळ्या वेचून पाण्यात सोडल्या. दुपारपर्यंत सगळ्या पुन्हा वर.

आता घरात प्रत्येकाला गोगलगायींतलं कळायला लागलं. आजीनं वर बघितलं. "घर सोडून निघाल्या रे नगदनारायणा. मालकिणीचं बघून शिकल्या. एकीला नांदायचं न्हाई, तर ह्यांनी तरी कावून नांदावं?"

आजोबा म्हणाले, "पाऊस येणार, येणार." पाऊस काही आला नाही.

आत्या मुबीनभाईला विचारून आली. हायवेच्या कडेला मोबाईल कव्हराच्या दुकानातच मुबीनभाई मासे विकतो, आणि तो गिऱ्हाइकाशी असा बोलतो जसा डॉक्टर नातेवाइकांशी. "देखो ताई, घाबरू नका. मादी अंडे द्यायला पाण्याच्या वर येती. काचेला गुलाबी गुच्छा दिसला की समजायचं, खुशखबर."

आत्यानं कडा बघितल्या, झाकण उलटं करून बघितलं, स्टँडच्या मागं वाकून बघितलं. अंडी नव्हती. पुन्हा गेली. "फिर हवा कम पडत आसंल ताई. तुमच्याकडं लाईट लई जाती." पण त्या आठवड्यात लाईट टिकली होती, पंप बुडबुडे काढत होता आणि मासे मजेत फिरत होते.

मग तिनं पाणी बदललं. नळाचं पाणी बादलीत काढून दिवसभर उघडं ठेवलं, औषधाचा वास उडू दिला, मग टाकीत भरलं. त्या दिवशी गोगलगायी खाली राहिल्या. दुसऱ्या दिवशी हळूहळू वर. तिनं पुन्हा पाणी बदललं. पुन्हा तेच. एक तर खाली पडून फुटली, एक शंखाचं दार मिटून बसली ती उघडलीच नाही. आत्या फरशी पुसत होती आणि आजी वरून सांगत होती, "पाणी बदलून खोड जात आसती का रे नगदनारायणा?"

आत्यानं उरलेल्या गोगलगायी उचलून एका रिकाम्या बादलीत ठेवल्या. पाणी तेच, नळाचं, शिळं केलेलं. खाली खडी नाही, काही नाही. आत भोपळ्याची फोड टाकली आणि वर पाटी झाकली. सकाळी पाटी उचलली तर सगळ्या तळाशी, फोडीला तोंड लावून. दुसऱ्या दिवशीही तळाशी. तिसऱ्या दिवशी आत्यानं सगळ्यांना बोलावून बादली दाखवली.

"बघा. पाणी तेच हाय. म्हंजे पाण्यात खोट न्हाई आन् ह्यांच्यातबी न्हाई. टाकीत कायतरी हाय."

तिनं टाकी अंगणात नेली आणि खडी परातीत उपसली. खडीबरोबर खणखण आवाज करत पैसे पडले. जुने, निजामाच्या काळातले, तांब्याचे. काहींवर हिरवट बुरा आलेला. आजीच्या देव्हाऱ्यातल्या लाल कापडी पिशवीत असतात तसे. तसे म्हणजे तेच.

सगळे आजीकडं बघायला लागले. आजीनं पदर सारखा केला.

"आई, हे कावून टाकलेस?"

"गंगंला वाहिले."

यात आजीच्या बाजूनं न चुकणारं गणित होतं. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. शहागडच्या पुलावरून एसटी जायला लागली की अर्ध्या गाडीचे हात खिडकीबाहेर जातात आणि नाणी पाण्यात पडतात. आजी तर त्यासाठी खिडकीपाशी बसलेल्याला उठवते. नळाला पाणी येतं ते गंगेचं. ते टाकीत भरलं म्हणजे गंगा घरात आली. घरात गंगा असताना शहागडला कशाला जायचं? आणि हल्लीचं नाणं लोखंडी, त्याला गंगा विचारीत नाही. तांबं पाहिजे. म्हणून दर गुरुवारी पूजा झाली की आजी टाकीपाशी यायची, हात जोडायची आणि एक पैसा सोडायची. पैसा खडीत रुतायचा. आम्हाला वाटायचं, म्हातारीला मासे आवडायला लागले.

"ही गंगा न्हाई आई. टाकी हाय."

"पाणी कुठलं हाय?"

"तांबं पाण्यात उतरतंय जरा जरा. माशाला थोडं चालतंय, ह्यांना विष हाय ते. अंग जळत आसंल त्यांचं, म्हणून पळत होत्या."

"तांब्याचं पाणी आपुन पितो की. तुझा आजा जलमभर तांब्याच्या लोट्यातलं पाणी प्याला."

"आजा गोगलगाय नव्हता, आई."

आजोबांना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यात घातलं, दोनदा. आत्या मात्र हसली नाही. परातीतला एक पैसा उचलून तिनं विचारलं, "मागितलंस काय गंगंला?"

आजीनं वर बघितलं नाही. पहिल्यांदाच सरळ आत्याकडं बघितलं. "तुजं घर. आनखी काय मागू? माझी लेक तिच्या घरी नांदू दे म्हणलं."

आत्यानं पैसा परातीत ठेवला. खडी उकळत्या पाण्यानं धुतली, काच घासली, नवी टाकी असावी तशी भरली. पैसे पिशवीत बांधून देव्हाऱ्यात ठेवले. गोगलगायी सोडल्या. त्या खाली गेल्या आणि खालीच राहिल्या. दिवस गेले, आठवडा गेला, चपलेत पाय निवांत जायला लागले.

ते दिवस आत्याचे बरे गेले. आजोबांना तर काय झालं कोण जाणे, ते हॉटेलवर चहाला भेटणारे मित्र घेऊन यायला लागले. टाकीपुढं उभे राहून सांगायचे, "समदे म्हणले पाऊस, पाऊस. पोरीनं शोधून काढलं, शोधून काढलं. डोकं हाय विजूला." आत्या दारामागून ऐकायची, उजवा कान पुढं करून. एकदा तर आजोबांनी मागच्या खोलीची मापंही घेतली, दोनदा. आत्यानं मशीनची चौकशी सुरू केली.

दसरा झाला आणि बैठक बसली.

जीपमधून सुंदरराव आला, त्याची आई मंजुळाबाई आली आणि पोहे खायला दोन-तीन पाहुणे आले. सुंदरराव बैठकीत असा बसतो, जसं फोटोत बसावं. इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्यात नवी कोरी तुळशीची माळ, आणि तोंडात एकच शब्द: "ठीक हाय." मंजुळाबाईंची पद्धत अशी, की सुरुवातीलाच सांगायचं, "आमचं काय म्हणणं न्हाई," आणि मग ते न म्हणणं चहा गार होईपर्यंत म्हणायचं. आमचं काय म्हणणं न्हाई, सून हाय, माणसाचा हात उठतो कधी. आमचं काय म्हणणं न्हाई, पण लोक विचारायलेत, दुकानात बसणं मुश्कील झालंय. आमचं काय म्हणणं न्हाई, टाकी कुणाला विचारून नेली?

टाकीचं नाव निघालं तसे आजोबा फुलले. त्यांना राहवेना. त्यांनी पाहुण्यांना टाकीपाशी नेलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. चप्पल, घड्याळ, बादली, परात. "पोरगी म्हणली, खोट गोगलगायीत न्हाई, टाकीत हाय, टाकीत हाय. साफ केली टाकी, पाणी बदललं, आता बघा कशा नांदायल्यात."

एक पाहुणा म्हणाला, "मानलं बुवा."

मंजुळाबाईंनी चष्मा वर सरकवून गोगलगायी बघितल्या. "हेच तर म्हणायले मी, व्याही. पाणी बदललं की नांदत्यात. मंग आमीबी बदललंय की पाणी. सुंदरनं माळ घातली. बघा गळ्यात. एकादशी धरतोय. आता आनखी काय पाहिजे?"

आजोबांनी माळेकडं बघितलं. त्यांच्या तोंडावर आधी जे फुललेलं होतं ते तसंच राहिलं, फक्त त्याचा उपयोग बदलला. "व्हय की," ते म्हणाले. "पाणी बदललंय, बदललंय."

आत्या आतून बाहेर आली. बैठकीत बायकांनी असं मध्ये यायचं नसतं, पण आली. ती आजोबांशी बोलली नाही, सुंदररावशी बोलली.

"माळ घातली की माणूस दारू सोडतो. तुमी दारू कधी घेतलीच न्हाई. मंग माळ घालून काय सोडलं?"

सुंदररावनं आईकडं बघितलं.

"पाणी मी आदीबी दोनदा बदललं होतं, आबा. तुमी ते सांगितलं न्हाई पाहुण्यांना. दोनदा बदललं तरी वर आल्या. खडीतलं तांबं काढलं तवा राहिल्या." ती पुन्हा त्याच्याकडं वळली. "तुमी काय काढलं ते सांगा. मी आत्ता जीपमधे बसते."

पाहुण्यांनी बश्या खाली ठेवल्या. सुंदररावनं माळेचा एक मणी बोटात धरला, सोडला आणि म्हणाला, "ठीक हाय."

"काय ठीक हाय?"

"बाई," तोच पाहुणा म्हणाला, "माणसाला भर बैठकीत आसं उगडं करू नाई."

"आमचं काय म्हणणं न्हाई," मंजुळाबाई म्हणाल्या, "पण हे आसं तोंड चालतं, तवाच हात चालतो."

हे ऐकून तरी आजोबा उठतील असं आत्याला वाटलं असणार. ती त्यांच्याकडंच बघत होती. आजोबा उठलेही. आत गेले, दारामागून तिची पिशवी घेऊन आले आणि तिच्या पायापाशी ठेवली. पिशवी आजीनं सकाळीच भरून ठेवली होती.

"लोकांपुढं वाढवू नको, विजू," आजोबा म्हणाले. या वेळी एकदाच म्हणाले.

आत्यानं पिशवी उचलली. जीपमध्ये जागा कमी होती, म्हणून टाकी इथंच ठेवा, नंतर बघू, असं ठरलं. ते कुणी ठरवलं हे कुणाला आठवत नाही. मुबीनभाई येऊन मासे आणि गोगलगायी घेऊन गेला. "देखो चाचा, ताईसारखी निगा कोन राखणार," म्हणाला. रिकाम्या टाकीत आजी आता लसूण ठेवते.

आत्याचा फोन रविवारी येतो. आजी स्पीकर लावून फोन मांडीवर ठेवते, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"कशी हायस?"

"बरी हाय."

"जेवलीस?"

"जेवले."

"सुंदरराव?"

"ठीक हाय," आत्या म्हणते. अगदी त्याच्यासारखं, त्याच पट्टीत.

फोन ठेवल्यावर आजी आम्हाला सांगते, आवाज जरा बारीक येतोय, तिकडं रेंज नसती. दिंद्रुडला रेंज फुल असते.